मिडवाइफ व्हायचंय? गोव्यात राहून सुरुवात कुठून करायची

परवा आमच्या वाड्यावरची एक मुलगी बारावीचा रिझल्ट घेऊन घरी आली, सोबत आई. म्हणाली, ताई मला नर्सबिर्स नाही व्हायचं, मला फक्त बाळंतपणाचं शिकायचंय, त्याची डिग्री कुठे मिळते ते सांगा. मला हसूच आलं, कारण बारा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत फिरत होते आणि धड उत्तर कोणीच दिलं नव्हतं. कोणी म्हणालं ए.एन.एम.चा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) छोटा कोर्स कर, कोणी म्हणालं बाहेरच्या राज्यात जा, एका काकांनी तर सरळ सांगितलं की ही कामं आता डॉक्टर करतात, तू बी.कॉम. कर आणि मोकळी हो. त्या दोघींना चहा होईपर्यंत जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहून ठेवतेय, दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

आधी वाट कुठून जाते ते बघा

आपल्याकडे बारावीनंतर थेट मिडवाइफरीची वेगळी डिग्री असा प्रकार नाही, वाट नर्सिंगमधून जाते. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग केलं की नर्सिंग कौन्सिलकडे नाव लागतं ते रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ असं दोन्ही. म्हणजे "मला नर्स नाही, मिडवाइफच व्हायचंय" म्हणणाऱ्यांनीही आधी सलाईन लावायला आणि बेड करायला शिकायचंय, त्यातून सुटका नाही. आणि खरं सांगायचं तर सुटका नको पण, कारण बाळंतपणाला आलेल्या बाईला दमा असतो, शुगर असते, कधी झटके येतात, तेव्हा नुसतं बाळंतपण येऊन काय करणार?

लहान वाटाही आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचं, त्यातून उपकेंद्रावरचं काम मिळतं. जी.एन.एम., म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचं, डिप्लोमा आहे, बारावी सायन्स नसलं तरी चालतं, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून डिग्री घेता येते. घरची परिस्थिती किंवा मार्क यामुळे जी.एन.एम. करावं लागलं तर रडत बसू नका, आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात चांगल्या हाताच्या सिस्टर जी.एन.एम.वाल्याच आहेत. पण ज्यांना पुढे एम.एस्सी., शिकवणं, परदेश असं काही डोक्यात आहे त्यांनी जमत असेल तर सरळ बी.एस्सी.च धरा, पुढची वर्षं वाचतात.

प्रवेशाची तयारी

बी.एस्सी.साठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश हवं, सायन्सच्या विषयांत मिळून किमान ४५ टक्के, एस.सी. एस.टी.ला ४० टक्के, आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पुरी झालेली हवीत. मुलगेही करू शकतात, फक्त ए.एन.एम. मुलींसाठी आहे. गोव्यात सरकारी कॉलेज म्हणजे बांबोळीचं इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन, डिग्री गोवा विद्यापीठाची, आणि खासगी कॉलेजंही आहेत. खासगीत पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी तपासा, त्या वर्षाची कौन्सिलची मान्यता आहे का, आणि मुलांना बाळंतपणाच्या पोस्टिंगला कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, इमारत बघतात, एसी लॅब बघतात, सरावाची रबराची बाहुली बघतात आणि फी भरून येतात. अहो बाहुलीला कळा येत नाहीत. महिन्याला किती डिलिव्हऱ्या होतात असं तोंडावर विचारा, सांगायला टाळाटाळ केली तर समजा.

माहितीपत्रक त्या वर्षीचंच वाचा, शेजारच्या ताईने तीन वर्षांपूर्वी कसा प्रवेश घेतला त्यावर जाऊ नका. निकाल लागायची वाट न बघता मामलेदार कचेरीतले दाखले आधीच करून घ्या, रहिवासी दाखला, जातीचा असेल तर तो, उत्पन्नाचा. जूनच्या पावसात वाळपईहून तीन फेऱ्या मारल्यात मी, एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर नाही, एकदा झेरॉक्सवर सही राहिली. मे महिन्यात गेले असते तर एका फेरीत झालं असतं.

आणि एक, हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे पोस्टिंग लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, प्रवेश नक्की झाला की लगेच सुरू करा.

पहिली दोन वर्षं कंटाळा येणार

हे आधीच सांगते कारण इथेच बरीच मुलं हिरमुसतात. बाळ बघायला आलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी घोकत बसते, मग बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन, मग मायक्रोबायॉलॉजी, फार्मा, मोठ्यांचे आजार. आमच्या वेळी वर्षाची परीक्षा होती, २०२१-२२च्या बॅचपासून आठ सेमिस्टर झाली आणि मिडवाइफरी येते सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला, आठवं पूर्ण इंटर्नशिप. तोवर काय करायचं? अ‍ॅनाटॉमीत कमरेच्या हाडांचा धडा आला की तो बाकीच्यांपेक्षा चौपट करा. पेल्व्हिसचं मॉडेल हातात घेऊन, डोळे मिटून, बोटांनी. बाळाचं डोकं आत शिरताना कुठल्या बाजूने वळतं आणि बाहेर येताना कुठे, हे ज्याला हाडांवरून कळलं त्याला पुढचं अर्धं पुस्तक पाठ करावं लागत नाही. औषधांमध्ये ऑक्सिटोसिन, पिशवी आवळायचं, आणि मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांवरचं, ही दोन पक्की.

भाषेचंही याच दोन वर्षांत बघा. आपण मराठीत शिकलेली मुलं, इंग्लिश पुस्तकाला घाबरतो, पण वॉर्डात खरी पंचाईत वेगळीच होते. बाई कोकणीत बोलते, दुसरी कानडीत, तिसरी हिंदीत. कोकणी आपल्याला कळते, पण "म्हाका जायना गो सिस्टर", मला होत नाही गं, असं कोणी हात धरून म्हणालं की पुस्तकी मराठीत उत्तर देऊन चालत नाही. कानडीतले पाच-सहा शब्द तरी लिहून घ्या, नोवु म्हणजे दुखणं, तेवढं कळलं तरी ती बाई तुमच्याकडे बघायला लागते. कोकणीचा पुढे नोकरीलाही उपयोग, सरकारी जाहिरातीत कोकणी आवश्यक आणि मराठी असल्यास बरी असं असतं, त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा शिकून मोकळं व्हा.

खरं शिक्षण सुरू होतं ते पोटावर हात ठेवल्यावर

ए.एन.सी.च्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, ओपीडीत पहिलं काम येतं तारीख काढायचं. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. सोपं आहे ना? आता बाई सांगते, "चवथीचा गणपती पोचवला, त्याच्या दोन दिवसांनी." आणि गणपती दीड दिवसाचा की पाचाचा की सातांचा ते घराघरावर. दुसरी सांगते शिगम्याच्या आधी. म्हणून मी पर्समध्ये कालनिर्णय ठेवायचे, मागच्या वर्षीचंही, मैत्रिणी हसायच्या आणि मग माझ्याकडूनच मागून न्यायच्या. तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं, बाळ लहान आहे की आपलाच हिशोब महिन्याने पुढे गेलाय हेच कळत नाही.

मग पोट तपासणं. चार पकडी असतात, लिओपोल्डच्या म्हणतात. आधी हात गरम करा, एकमेकांवर घासा, थंड हात लावलात की पोट आवळतं आणि काही म्हणजे काही कळत नाही. बाईला लघवी करून यायला सांगा. वर काय आहे बघा, मऊ आणि मोठं लागलं तर बाळाचं बूड, घट्ट गोल आणि बोटांनी ढकललं की टोला परत आल्यासारखं हललं तर डोकं. मला हे पुस्तकातून सहा महिने समजलं नव्हतं, आमच्या परसातल्या विहिरीत पडलेला नारळ बोटांनी खाली ढकलला की तो कसा उसळून परत हाताला लागतो, ते एकदा आठवलं आणि कळलं. मग दोन्ही बाजू, एका बाजूला पाठ, सपाट आणि सलग, दुसऱ्या बाजूला हातपायांचे खडबडीत गोळे. पाठ सापडली की ठोके त्याच बाजूला.

माझी पहिली बाई डिचोलीकडची होती, दुसरं बाळंतपण. मी फीटोस्कोप, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं साधन, लावून पाच मिनिटं ऐकतेय आणि काही नाही. घाम फुटला. चेहऱ्यावर काही दाखवू नये म्हणतात पण तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, आणि ते बघून माझा आणखी. सिस्टर मागून आल्या, काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून फीटोस्कोप चार बोटं खाली सरकवला आणि एक हात त्या बाईच्या मनगटावर ठेवला, नाडीवर, म्हणजे ऐकू येतंय ते आईचं नाही ना हे कळावं. आणि ते आलं, लांबून, घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखं, भराभर. एकशे चाळीस. ११० ते १६० मध्ये असलं की ठीक. तेव्हापासून मशीन असलं तरी मी आधी कान लावते मग मशीन लावते, आणि तुम्हीही शिकत असेपर्यंत तसंच करा, मशीनचा डिस्प्ले कोणीही वाचेल.

लेबर रूम आणि लॉगबुक

आता गोव्याची खास अडचण. आपल्याकडे जवळपास सगळी बाळंतपणं हॉस्पिटलातच होतात, घरी कोणी थांबत नाही, हे चांगलंच आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१च्या, गोव्यात सिझेरियनचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तुमच्या लॉगबुकात नॉर्मल डिलिव्हऱ्यांचा आकडा भरायचा असतो, स्वतःच्या हाताने केलेल्या, सही घेतलेल्या. आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात वीस होत्या. आणि त्या वीससाठी बॅचमधली सगळी मुलं, शिवाय एम.बी.बी.एस.वाले, शिवाय इंटर्न. दिवसा एका टेबलाभोवती सातजण उभे, त्या बाईचा तर जीव नकोसा व्हायचा.

माझा उपाय साधा होता. नाइट ड्युटी मागून घ्यायची. रात्री गर्दी कमी, सिस्टर निवांत शिकवतात, आणि बाळं काही ओपीडीचं टाइमटेबल बघून येत नाहीत. दुसरं म्हणजे एक बाई धरायची आणि ती अ‍ॅडमिट झाल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत तिच्यासोबतच राहायचं. पाठ चोळायची, पाणी द्यायचं, कुशीवर वळवायचं, बाथरूमला न्यायचं. पहाटे चारला डोकं दिसायला लागलं की सिस्टरच म्हणतात, हिने रात्रभर केलंय, ग्लोव्हज हिला घालू दे. शेवटच्या दहा मिनिटांत घुसून नंबर लावणारे असतात, त्यांचा आकडा आधी भरतो, पण पुढे एकटं सोडलं की हात थरथरतात. हे मी ड्युटीवर बघते.

पार्टोग्राफ. यावर जरा थांबते कारण माझी सगळ्यात मोठी चूक यातलीच. हा एक कागद आहे, त्यावर गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके, दहा मिनिटांत किती कळा, आईची नाडी, बीपी असं वेळेनुसार मांडत जायचं. जुन्या पद्धतीत तोंड चार सेंटिमीटर उघडलं की मांडायला सुरुवात, ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाने, आतली तपासणी साधारण चार तासांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये नवीन कागद आणला, लेबर केअर गाइड, त्यात सुरुवात पाच सेंटिमीटरला धरलीय, दोन्ही शिकून ठेवा, कुठे काय वापरतात ते वॉर्डावर अवलंबून. तर माझी चूक अशी की एका रात्री तीन बायका होत्या आणि मी म्हटलं आधी काम करू, मग शांत बसून भरू. पहाटे बसले आणि आठवून आठवून टिंबं टाकली, रेष एकदम सुंदर सरळ आली. सकाळी मॅडमनी कागद बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "हे ठोके साडेतीनला तू कुठे उभी राहून ऐकलेस?" मला सांगता येईना. त्या बाईचं सगळं नीट झालं होतं, पण झालं नसतं तर त्या कागदावरून कोणाला काही कळलं नसतं. त्यानंतर हाताच्या तळव्यावर पेनने लिहिलं असेल पण वेळेवर लिहिलंय. तुम्ही खिशात लहान वही ठेवा, ठोके ऐकले की उभ्या उभ्या वेळ आणि आकडा, बस.

बाळ आल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. तुमचं आईकडेही हवं. एक मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत, नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबायचं, वार नीट आली की पूर्ण आली का ते ताटात पसरून बघायचं, आणि मग पोटावर हात ठेवून पिशवी क्रिकेटच्या बॉलसारखी घट्ट लागते का ते बघत राहायचं. मऊ लागली तर चोळा आणि हाक मारा, लाजू नका. पाचशे मिलीच्या वर रक्त गेलं की ते जास्तच, आणि ते चादरीत, पॅडमध्ये मुरलेलं असतं, नजरेला कमी दिसतं. बाळाचा अपगार स्कोअर एका मिनिटाला आणि पाच मिनिटांनी, ठोके, श्वास, हातपायांची ताकद, प्रतिक्रिया, रंग, प्रत्येकी दोन मार्क. सगळं ठीक असेल तर पहिल्या तासातच छातीशी लावायचं, वजन नंतर केलं तरी चालतं, बाळ पळून जात नाही.

बारीकसारीक: सेकंद काटा असलेलं घड्याळ युनिफॉर्मला पिनने लावा, नखं कापा, बांगड्या घरी ठेवा, बॅगेत एक जादा ड्रेस, आणि रिकाम्या पोटी लेबर रूममध्ये जाऊ नका. मी पहिल्या दिवशी नुसता चहा पिऊन गेले होते आणि मावशींनी मला भिंतीला टेकवून बसवलं, पेशंटच्या आधी मलाच ग्लुकोज. चवथीला ड्युटी लागणार, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

घरातल्या रीतींशी भांडू नका, पण ऐका

माझी पणजी सुईण होती, आमच्याकडे कोकणीत वयजीण म्हणतात. तिच्यामुळे मला वाटायचं मला घरातूनच येतं. वॉर्डात गेल्यावर कळलं की काही गोष्टी तिच्या बरोबर होत्या, बाईला चालतं ठेवणं, पडून न राहू देणं, कुशीवर झोपवणं, आणि काही नव्हत्या, जसं नाळेवर काहीबाही लावणं. नाळ कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. बाळंतिणीच्या सासूबाई डबीतून राख नाहीतर तेल काढतात तेव्हा "हे चुकीचं आहे" असं म्हटलंत की त्या तुमच्यासमोर ठेवून देतात आणि घरी जाऊन लावतात. त्यापेक्षा म्हणा, काकू, तेल बाळाच्या पायाला चोळा, नाळ मात्र मला सुकलेली बघायचीय. बाळंतिणीला पेज, अळीव, नाचणी देत असतील तर आनंदच आहे. पहिलं पिवळं दूध पिळून टाकतात मात्र, तिथे गप्प बसायचं नाही.

डिग्रीनंतर

इंटर्नशिप झाली की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, त्याशिवाय कुठे हात लावता येत नाही. निदान दोन वर्षं लेबर रूममध्येच काम करा, आय.सी.यू.त जरा जास्त पगार मिळतो म्हणून पहिल्याच वर्षी पळू नका. कारण पुढचा कोर्स, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, अठरा महिन्यांचा, त्याला हा अनुभव लागतो. केंद्र सरकारने २०१८मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातून हा आला, विचार असा की ज्या बाईला काही धोका नाही तिचं बाळंतपण मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरकडे द्यायचं. हैदराबादचं फर्नांडिस हॉस्पिटल तर २०११पासून मिडवाइफ तयार करतंय, तिथल्या पद्धतीबद्दल जरूर वाचा. शिकवण्याची आवड असेल तर एम.एस्सी., ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी नर्सिंगमध्ये, दोन वर्षं.

आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांच्या घरात विचारतात ते इंग्लंडचं. तिकडे मिडवाइफरी ही नर्सिंगपासून वेगळीच डिग्री आहे, साधारण तीन वर्षांची, नर्स न होता थेट करता येते, आणि शिकताना स्वतः चाळीस बाळंतपणं करावी लागतात. आपली बी.एस्सी. घेऊन गेलात तर तिकडे बहुतेक जण नर्स म्हणून नाव लावतात, मिडवाइफचं रजिस्टर आणि तिची परीक्षा वेगळी. एजंट हे सांगत नाही, तो म्हणतो एकदा पोचा तर खरं. पैसे देण्याआधी कुठल्या रजिस्टरला नाव लागणार ते कागदावर लिहून मागा.

तर ती मुलगी. तिची आई सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे चार वर्षं, आणि रात्रीची ड्युटी पण? मी म्हटलं हो काकू, आणि चवथीला पण. मुलगी काही बोलली नाही, तिने आमच्या शोकेसवरचं जुनं कालनिर्णय उचललं आणि विचारलं, हे मी नेऊ का?